विषाणूची कात्री अडवणारा रेणू

नव्या औषधाचा शोध बहुतेक वेळा सुरू होतो तो तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या प्लेटपासून. तिच्यात १६ आडव्या आणि २४ उभ्या ओळी, म्हणजे ३८४ बारीक खळगे. प्रत्येक खळग्यात एक वेगळं रसायन पडायचं असतं, आणि तेही अगदी थोडं: एक थेंब अडीच नॅनोलिटरचा. एका मिलिलिटरात असे ४ लाख थेंब मावतात. एवढासा थेंब पिपेटने टाकायला गेलं तर तो पिपेटच्या टोकालाच चिकटून राहील. म्हणून तो आवाजाने उडवतात. रसायनांच्या प्लेटखाली ध्वनिलहरी सोडणारं यंत्र असतं. आपल्या कानाला ऐकू न येणारी ती लहर द्रवाच्या पृष्ठभागावर नेमकी एकवटते आणि तिथून एक थेंब सरळ वर उसळतो. वर दुसरी प्लेट उलटी धरलेली असते. उलटी असूनही तिच्यातला द्रव सांडत नाही, कारण इतक्या अरुंद खळग्यात पृष्ठताण त्याला धरून ठेवतो. थेंब जाऊन ठरल्या खळग्यात बसतो. मध्ये सुई नाही, नळी नाही, कशाचा स्पर्श नाही. माणसाने आवाजाला नाना कामांना जुंपलं आहे, पण त्या सगळ्यांत मला हे काम फार देखणं वाटतं.

२०२० च्या सुरुवातीला जगभरच्या प्रयोगशाळांत अशा प्लेटा भरल्या जात होत्या त्या एकाच प्रश्नासाठी: या नव्या करोना विषाणूला थोपवील असा रेणू कोणता? जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात विषाणूचा सुमारे ३० हजार अक्षरांचा जनुकीय आराखडा जाहीर झाला होता. रसायनांची भांडारं तयार होती, यंत्रं तयार होती. पण प्रश्न असा मोघम विचारून चालत नाही. प्लेटला बोलता येत नाही. फार तर तिचा एखादा खळगा उजळतो किंवा अंधारा राहतो. तेव्हा ‘विषाणू थांबला का?’ हा प्रश्न उजेड आणि अंधाराच्या भाषेत मांडावा लागतो. तो कसा मांडला यावर उत्तर किती खरं मानायचं हे ठरतं, आणि करोनावरच्या औषधांच्या शोधातली सगळी हुशारी, सगळी फसगतही, या मांडणीतच दडलेली आहे.

एक प्रश्न फारच सुंदर मांडला गेला. तो समजून घ्यायला पेशीतल्या विषाणूच्या पहिल्या काही तासांकडे पाहावं लागतं. विषाणू आत शिरला की त्याचा आरएनए पेशीच्या रायबोसोमच्या हाती लागतो. आपलं काय आणि परकं काय हे रायबोसोमला कळत नाही. तो येईल तो आरएनए वाचतो आणि त्यातून ७,०९६ अमिनो आम्लांचं एक लांबच लांब प्रथिन तयार करतो. या अवस्थेत ते विषाणूच्या काही कामाचं नसतं. शिंप्याकडे कापडाचा अख्खा तागा आला म्हणून सदरा होत नाही. बाही, पाठ, कॉलर आधी वेगवेगळी कापावी लागते. विषाणूजवळ त्यासाठी स्वतःची कात्री आहे, आणि ती त्याच ताग्याचा एक तुकडा आहे! ताग्यातच गुंतलेली असताना ती आधी स्वतःला मोकळं करते आणि मग बाकीचे तुकडे पाडते. या कात्रीला शास्त्रज्ञ मुख्य प्रोटिएज म्हणतात. ती ३०६ अमिनो आम्लांची असते, दोन प्रती एकमेकींना बिलगल्याशिवाय नीट चालत नाही, आणि त्या लांब प्रथिनात ११ ठिकाणी छेद देते. छेद कुठे द्यायचा याबद्दल ती फार काटेकोर आहे. ग्लुटामिन नावाचं अमिनो आम्ल आलं की त्याच्या लगेच पुढे ती कापते.

हा काटेकोरपणाच तिच्यावर उलटतो. माणसाच्या शरीरात प्रथिनं कापणारी शेकडो एन्झाइमं आहेत, पण या पद्धतीने ग्लुटामिननंतर कापणारं त्यात कुणी नाही. म्हणजे या कात्रीत अडकणारा रेणू सापडला, तर तो आपल्या स्वतःच्या एन्झाइमांना त्रास देण्याची भीती बरीच कमी होते. शिवाय करोना कुळातले विषाणू वरून कितीही बदलले तरी कात्री फारशी बदलत नाहीत. २००३ च्या सार्स विषाणूची आणि २०२० च्या विषाणूची कात्री ९६ टक्के सारखी निघाली. मांजरांना एका करोना विषाणूमुळे पोटाच्या पडद्याचा एक आजार होतो; वर्षानुवर्षं तो झालेलं मांजर हमखास दगावत असे. अमेरिकेत २०१६ साली जीसी-३७६ नावाच्या रेणूने प्रयोगातली अशी बहुतेक मांजरं बरी झाली, आणि तो रेणू त्यांच्या विषाणूच्या कात्रीतच अडकत होता. माणसांवर साथ यायच्या चार वर्षं आधी एका पाळीव प्राण्याच्या आजाराने हे दाखवून ठेवलं होतं, आणि पशुवैद्यकातल्या या कामाची आठवण ठेवली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आता ही कात्री चालते आहे की अडली आहे हे प्लेटमध्ये दिसणार कसं? त्यासाठी रसायनशास्त्रज्ञ तिच्यासमोर एक खोटा कपडा धरतात. विषाणूच्या प्रथिनातला, जिथे ती नेहमी कापते तोच छोटासा तुकडा ते प्रयोगशाळेत बनवतात. त्याच्या एका टोकाला निळसर चमकणारा रेणू जोडतात आणि दुसऱ्या टोकाला ती चमक गिळून टाकणारा. तुकडा अखंड आहे तोवर दोन्ही टोकं जवळ असतात आणि चमकणाऱ्याची सगळी ऊर्जा शेजारी शोषून घेतो. वरून अतिनील किरण पाडले तरी खळगा काळोखा. कात्रीने मध्ये छेद दिला की टोकं दूर जातात आणि निळा उजेड फुटतो. ज्या खळग्यात कात्री आहे, तुकडाही आहे, आणि तरीही उजेड वाढत नाही, त्या खळग्यातल्या रसायनाकडे मग सगळ्यांचे डोळे लागतात.

मला थक्क करतं ते हे, की इथे पाहणाऱ्याला एकही रेणू दिसत नाही. एका रेणूच्या दोन टोकांमधलं अंतर मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी असतं. ते अंतर वाढलं की नाही हे मात्र यंत्राला उजेडातून कळतं, आणि तेही ३८४ खळग्यांचं एकदम, काही क्षणांत.

अर्थात उजेड कमी दिसला म्हणजे औषध सापडलं असं नसतं. प्लेटच्या कडेच्या खळग्यांतलं पाणी मधल्यांपेक्षा लवकर उडतं, तेवढ्यानेही आकडे हलतात. म्हणून काही रांगा मुद्दाम राखून ठेवतात: काहींत कात्री पूर्ण मोकळी, काहींत ती नक्की बंद. या दोन टोकांच्या आकड्यांत फरक भरपूर आहे का, आणि दोन्हीकडचे आकडे आपापल्या जागी घट्ट आहेत का, हे एका सूत्राने मोजतात. १९९९ साली झांग, चंग आणि ओल्डनबर्ग या तिघांनी ते मांडलं. त्याचं मूल्य १ च्या पुढे जात नाही, ०.५ च्या वर असेल तर प्लेटवर विश्वास ठेवायचा, शून्याच्या खाली गेलं तर दोन टोकांचे आकडे एकमेकांत मिसळलेत असं समजायचं. हजारो रसायनांच्या भवितव्याचा निर्णय या एका आकड्याआधी होत नाही.

त्यानंतर येतात ते खोटे साक्षीदार. काही रेणू पाण्यात विरघळण्याऐवजी एकमेकांना चिकटून गोळे बनवतात. ते गोळे एन्झाइमला नुसते लपेटून टाकतात, कात्री थांबते आणि रेणू गुणी असल्याचा भास होतो. यावरचा उपाय इतका साधा आहे की तो वाचून आनंद होतो: खळग्यात डिटर्जंटचा अंश टाकायचा. गोळे फुटतात आणि खोटा गुण उतरतो. दुसरे काही रेणू याहून बेरकी. कात्रीच्या पात्याच्या जागी सिस्टीन हे अमिनो आम्ल आहे, त्यात गंधकाचा अणू असतो. नुसत्या गंधकाला जाऊन चिकटणारे रेणू कुठल्याही सिस्टीनला चिकटतात. या कात्रीशी त्यांचं खास नातं काही नसतं. २०२० साली शांघायच्या शास्त्रज्ञांनी कात्रीची त्रिमितीय रचना सर्वांआधी उलगडली. फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच ती जगाला खुली झाली, आणि हे त्यांचं ऋण फार मोठं आहे. त्यांनी १० हजारांवर रसायनांची चाचणीही केली. त्यांतून इबसेलेन, डायसल्फिराम असे काही रेणू पुढे आले. डायसल्फिराम म्हणजे दारू सोडवण्यासाठी दिलं जाणारं जुनं औषध. पुढे अ‍ॅरिझोनातल्या एका गटाने हीच चाचणी पुन्हा केली, पण गंधकाच्या अणूंना शांत ठेवणारं एक रसायन खळग्यात घालून. पेशीच्या आतलं वातावरण साधारण तसंच असतं. तेव्हा या रेणूंचा प्रभाव जवळपास नाहीसा झाला.

मला इथे कुणाची चूक दाखवायची नाही. त्या आठवड्यांत प्रत्येक जण घाईत होता, आणि घाई योग्यच होती. पण शंका घेणाऱ्या या दुसऱ्या चाचणीला वर्तमानपत्रांत जागा मिळत नाही, आणि खरं म्हणजे औषधाचा शोध पुढे सरकतो तो तिच्यामुळेच.

कात्री एकटी खळग्यात असते तेव्हा प्रश्न छोटा असतो. प्रत्यक्षात ती पेशीच्या आत असते आणि रेणूला पेशीचं आवरण ओलांडून तिथवर जावं लागतं. म्हणून पुढची प्लेट जिवंत पेशींची. हे काम साध्या प्रयोगशाळेत होत नाही. हवा आतून बाहेर जाणार नाही अशा बंदिस्त खोल्या, दुहेरी हातमोजे, श्वासासाठी गाळलेली हवा, आणि बाहेर येताना प्रत्येक वस्तू निर्जंतुक. खळग्यांच्या तळाशी पेशींचा एक थर वाढवतात, त्यावर रसायन, मग विषाणू. दोन-तीन दिवस थांबतात. विषाणू जिंकला तर पेशी मरून तळापासून सुटतात. रसायन जिंकलं तर थर शाबूत. जिवंत पेशी किती उरल्या हे मोजायला काजव्याची मदत घेतात. काजव्याच्या पोटात उजेड पाडणारं ल्युसिफरेज नावाचं एन्झाइम पेटतं ते एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूवर, आणि एटीपी मुबलक असतं ते जिवंत पेशीत. ते एन्झाइम आणि त्याला लागणारं दुसरं रसायन खळग्यात टाकलं की जगलेल्या पेशींचा खळगा उजळतो, मेलेल्यांचा काळोखा राहतो. आधीच्या चाचणीत उजेड म्हणजे विषाणूची सरशी होती. इथे उजेड म्हणजे आपली.

या प्लेटमधल्या पेशी कुणाच्या, हा प्रश्न किरकोळ वाटेल. पण २०२० मधली सगळ्यांत महागडी चूक इथेच झाली.

विषाणूशास्त्रज्ञांच्या लाडक्या पेशींचं नाव व्हेरो. १९६२ साली जपानच्या चिबा विद्यापीठात आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून त्या काढल्या आणि त्यांचा वंश तेव्हापासून अखंड वाढतो आहे. विषाणूचा हल्ला झाल्यावर शेजारच्या पेशींना सावध करणारं इंटरफेरॉन त्यांना बनवता येत नाही, म्हणून विषाणू त्यांच्यावर फोफावतात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने मार्च २०२० मध्ये भारतातल्या रुग्णांच्या नमुन्यांतून हा विषाणू वेगळा काढून वाढवला तोही व्हेरो पेशींवरच. विषाणू वाढवायला त्यांच्याइतकं चांगलं काही नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये वुहानच्या शास्त्रज्ञांनी याच वंशातल्या व्हेरो ई-६ पेशींवर काही औषधं तपासली. रेमडेसिव्हिर ०.७७ मायक्रोमोलर इतक्या अल्प प्रमाणात विषाणूला निम्म्यावर आणत होतं आणि मलेरियाचं जुनं, स्वस्त क्लोरोक्विन १.१३ मायक्रोमोलरला. आकडे खरे होते. महिन्याभरात क्लोरोक्विनचं भावंड हायड्रॉक्सिक्लोरोक्विन जगभर गाजलं. भारतात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) मार्चमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांना ते प्रतिबंधासाठी घेण्याची शिफारस केली, आणि संधिवातासाठी रोज ही गोळी घेणाऱ्या रुग्णांना ती मिळेनाशी झाली.

आता पाहा, पेशीने काय केलं होतं. विषाणूला पेशीत शिरायचे दोन मार्ग आहेत. एका मार्गात त्याच्या अंगावरच्या काट्यांचं प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावरचं टीएमपीआरएसएस-२ नावाचं एन्झाइम कापतं आणि विषाणू थेट आत येतो. दुसऱ्या मार्गात पेशी विषाणूला एका पिशवीत गुंडाळून आत ओढते, पिशवी आम्लधर्मी होते आणि त्या आम्लात चालणारं दुसरं एन्झाइम कापण्याचं काम करतं. क्लोरोक्विन पिशवीतलं आम्ल मारतं, त्यामुळे हा दुसरा मार्ग बंद होतो. माकडाच्या मूत्रपिंडाच्या या पेशींमध्ये टीएमपीआरएसएस-२ जवळपास नसतंच. तिथे विषाणूला दुसऱ्याच मार्गाने जावं लागतं, आणि क्लोरोक्विन त्याला तिथे अडवतं. माणसाच्या फुप्फुसात मात्र पहिला मार्ग मोकळा आहे. जुलै २०२० मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या गटाने हाच प्रयोग माणसाच्या फुप्फुसाच्या पेशींवर केला आणि क्लोरोक्विनने विषाणूला काहीही झालं नाही. त्याआधी जूनमध्येच ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने रुग्णालयांतून तेच सांगितलं होतं. पुढे आलेल्या अंतिम आकड्यांनुसार हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिलेल्या १,५६१ रुग्णांपैकी २७ टक्के २८ दिवसांत दगावले, नेहमीचे उपचार मिळालेल्या ३,१५५ पैकी २५ टक्के.

व्हेरो पेशींनी उत्तर खोटं दिलं नव्हतं. त्यांना विचारलं होतं, ‘माकडाच्या मूत्रपिंडात हे औषध विषाणूला अडवतं का?’ त्यांनी हो म्हटलं. आपण ते फुप्फुसाचं उत्तर समजलो.

अशीच दुसरी फसगत २०२१ मध्ये उघड झाली. साथीत जुन्या औषधांच्या अनेक भांडारांची चाचणी झाली आणि शेकडो औषधं ‘विषाणूरोधक’ ठरली. हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडेरोन, मनोविकारांवरची काही औषधं, अशी एकमेकांशी काही संबंध नसलेली नावं. त्यांतल्या पुष्कळांची घडण मात्र एकसारखी निघाली: एक बाजू धनभारित, दुसरी स्निग्ध. असे रेणू पेशीच्या पचनपिशव्यांत साठतात, तिथला चरबीचा व्यवहार बिघडवतात आणि त्या गोंधळात विषाणूची वाढ मंदावते. पेशी आजारी पडली म्हणून विषाणूही खोळंबला, एवढंच. माणसाला औषध म्हणून त्याचा उपयोग नाही. त्यानंतर बऱ्याच प्रयोगशाळांनी ही बाब आधीच तपासायला सुरुवात केली.

रेमडेसिव्हिरची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात विषाणूचा एक विलक्षण गुण दिसतो. बहुतेक आरएनए विषाणू आपली नक्कल काढताना चुका करतात आणि त्या तशाच सोडतात. करोना विषाणू मात्र नकलेचं मुद्रितशोधन करतो. खोटं अक्षर घुसलेलं दिसलं की त्याचं एक एन्झाइम ते कापून काढतं. रिबाव्हिरिनसारख्या औषधांची खोटी अक्षरं त्याच्यापुढे म्हणूनच टिकली नाहीत. रेमडेसिव्हिरही खोटं अक्षरच, पण ते बसल्या बसल्या साखळी थांबत नाही. पुढे आणखी तीन खरी अक्षरं जोडली जातात आणि मग यंत्र अडकतं. तोवर खोटं अक्षर आत ढकललं गेलेलं असतं, मुद्रितशोधकाला सहज पोचता येत नाही. इबोलासाठी पुढे आलेला हा रेणू सार्स आणि मर्स या करोना विषाणूंवर प्रभावी ठरतो हे अमेरिकेतल्या बॅरिक आणि डेनिसन यांच्या प्रयोगशाळांनी २०१७ मध्येच दाखवलं होतं, आणि तेही माणसाच्या श्वसनमार्गाच्या पेशींवर.

कात्रीकडे परत येतो. तिच्यात अडकणारा रेणू शोधायचा आणखी एक मार्ग आहे, आणि त्यासाठी प्लेटचा उजेड पुरत नाही. इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमध्ये डायमंड लाइट सोर्स नावाची एक गोल इमारत आहे. तिच्यातल्या ५६२ मीटर परिघाच्या कड्यात जवळपास प्रकाशाच्या वेगाने इलेक्ट्रॉन फिरतात आणि वळणावर अत्यंत प्रखर क्षकिरण सोडतात. कात्रीचे अब्जावधी रेणू शिस्तीत रचले की स्फटिक होतो. त्या स्फटिकावर क्षकिरण सोडले की ते ज्या रीतीने विखुरतात त्यावरून प्रत्येक अणूची जागा कळते.

मार्च २०२० मध्ये फ्रँक फॉन डेल्फ्ट आणि मार्टिन वॉल्श यांच्या गटांनी इथे एक वेगळीच चाचणी केली. त्यांनी पूर्ण औषधं घेतलीच नाहीत. घेतले ते जेमतेम दीड-दोन डझन अणूंचे छोटे तुकडे, १,२५० हून अधिक प्रकारचे. एवढासा तुकडा कात्रीला इतका हलका चिकटतो की नेहमीच्या चाचणीत त्याचा पत्ताही लागत नाही. पण स्फटिकाला त्या तुकड्याच्या दाट द्रावणात मुरवलं आणि द्रव नायट्रोजनने गोठवलं, तर तो कुठे बसला आहे हे क्षकिरणांना दिसतं. स्फटिक नाजूक, हात लावला तर तडकणारा; म्हणून द्रावणाचा थेंब स्फटिकापासून थोडा बाजूला, ध्वनिलहरीने, सोडतात आणि तो हळूहळू त्याच्यापर्यंत पसरतो. इस्राएलच्या वाइझमन संस्थेतले नीर लंडन आपले तुकडे घेऊन या कामात सामील झाले. ७१ तुकडे कात्रीच्या ऐन पात्याच्या खाचेत बसलेले सापडले, आणखी तीन तिच्या दोन प्रती जुळतात त्या जागी. कुणी खाचेच्या या कोपऱ्यात, कुणी त्या.

आणि मग त्यांनी जे केलं त्याचं कौतुक कमीच झालं असं मला वाटतं. सगळ्या अणूंच्या जागा त्यांनी जगाला खुल्या करून दिल्या आणि रसायनशास्त्रज्ञांना विनंती केली: हे तुकडे जोडून, वाढवून, चांगला रेणू कसा होईल ते सुचवा. या उपक्रमाला कोविड मूनशॉट म्हणतात. जगभरातून १८ हजारांवर आराखडे आले. टाळेबंदीत घरी बसलेल्या माणसांनी, विद्यार्थ्यांनी, निवृत्त रसायनशास्त्रज्ञांनी ते पाठवले. कोणता आराखडा बनवण्याजोगा आहे हे संगणकाने चाळलं. कोणता रेणू कात्रीला घट्ट धरील याचा हिशेब स्वयंसेवकांच्या घरातल्या संगणकांनी रात्रंदिवस केला. बनवलेल्या २,४०० हून अधिक रेणूंपैकी मोठा वाटा कीव शहरातल्या एनामिन कंपनीने उचलला. प्रत्येक मोजमाप, यशस्वी आणि फसलेलंही, उघड्यावर ठेवलं आणि कशावरही पेटंट घेतलं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात या कामाचा लेख आला, तेव्हा त्यांच्याजवळ तोंडाने घेता येण्याजोग्या औषधाचा पक्का पाया तयार होता. फसलेले आकडे खुले ठेवणं ही गोष्ट औषधउद्योगात किती दुर्मीळ आहे! ज्या वाटेवर काही नाही हे कळलं, त्या वाटेने पुढचा माणूस जात नाही, आणि त्याचे महिने वाचतात.

बाजारात पहिली गोळी आली ती दुसऱ्या वाटेने. फायझर कंपनीच्या शास्त्रज्ञांनी २००३ च्या सार्ससाठी कात्रीत अडकणारा एक रेणू आखला होता. त्याच वर्षी जुलैपर्यंत सार्स ओसरला आणि रेणू कपाटात राहिला. २०२० मध्ये तो बाहेर काढला तेव्हा कात्री जवळपास तीच असल्याने तो चाललाही, पण पोटातून रक्तात जाईना. डॅफिड ओवेन यांच्या गटाने त्याचे अणू एकेक बदलत नेले. पात्यातल्या गंधकाला पकडणारं टोक बदलून तिथे नायट्राइल हा अणुगट बसवला. हिपॅटायटिस सी वरच्या एका जुन्या औषधातला घटक उसना घेतला. जुलै २०२० मध्ये नवा रेणू पहिल्यांदा तयार झाला तो अवघा सात मिलिग्रॅम. त्याचं नाव निर्माट्रेल्व्हिर.

इथेही व्हेरो पेशी आड आल्या. माकडाच्या या पेशी आत आलेली बरीच रसायनं एका पंपासारख्या प्रथिनाने परत बाहेर फेकतात, त्यामुळे निर्माट्रेल्व्हिर तिथे कमजोर दिसलं असतं. संशोधकांना हे ठाऊक होतं. त्यांनी तो पंप बंद करणारा दुसरा रेणू खळग्यात घातला आणि मग मोजमाप घेतलं. माणसाच्या शरीरात वेगळी अडचण होती: यकृत औषध झटपट मोडून टाकतं. त्यासाठी एचआयव्हीच्या उपचारात वापरलं जाणारं रिटोनाव्हिर सोबत दिलं जातं, ते यकृतातल्या त्या एन्झाइमाला आवर घालतं. लस न घेतलेल्या, गुंतागुंतीचा धोका असलेल्या रुग्णांना लक्षणं दिसल्यापासून तीन दिवसांत औषध सुरू केलं तेव्हा रुग्णालयात दाखल होण्याचा किंवा मृत्यूचा धोका ८९ टक्क्यांनी घटला. लस घेतलेल्या माणसांत, पुढच्या चाचणीत, लक्षणं लवकर जाण्याच्या दृष्टीने त्याचा ठळक फायदा दिसला नाही. दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवाव्यात. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत त्याला आपत्कालीन परवानगी मिळाली. पुढच्या वर्षी जपानच्या शिओनोगी कंपनीचं, संगणकावर आधी आणि प्लेटवर मग अशी चाळणी लावून सापडलेलं एन्सिट्रेल्व्हिर आलं, तेही याच कात्रीवर.

औषध हाती आल्यावर शास्त्रज्ञांनी विषाणूला मुद्दाम एक संधी दिली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डेव्हिड हो यांच्या गटाने त्याचे ५३ वेगवेगळे वंश निर्माट्रेल्व्हिरच्या सान्निध्यात, मात्रा वाढवत वाढवत, पिढ्यान् पिढ्या वाढवले. कुठला वंश कसा सुटतो हे त्यांना पाहायचं होतं. वंश निरनिराळ्या वाटांनी सुटले. कात्रीत २३ वेगवेगळ्या जागी बदल दिसले. सगळ्यांत जबर बदल १६६ व्या जागेवरचा: तिथलं अमिनो आम्ल बदललं की औषधाचा जोर सुमारे शंभर पटींनी उतरतो. पण त्याची किंमत विषाणूला मोजावी लागते. त्याच जागेच्या आधाराने कात्री कापड धरते, त्यामुळे बदललेली कात्री बोथट होते आणि विषाणूची वाढ मंदावते. मग ५० व्या किंवा २१ व्या जागी दुसरा बदल येतो आणि गेलेली ताकद बऱ्याच अंशी भरून निघते. म्हणून आता नवा रेणू तपासायला घेतला की तो एकट्या मूळ कात्रीसमोर ठेवून भागत नाही. १६६ व्या जागी बदललेली, ५० व्या जागी सावरलेली, मर्सची, सर्दीच्या करोना विषाणूंची, अशा अनेक कात्र्या त्याच्यासमोर ठेवाव्या लागतात, आणि प्रत्येकीचा उजेड वेगळा मोजावा लागतो.